उचला, उचला!

गोपाळकाल्याला आमच्या गल्लीत थर कोसळला की पहिली आरोळी उठते ती ‘उचला, उचला!’ दोघं काखेत हात घालतात, दोघं पाय धरतात आणि पोराला पोत्यासारखं रिक्षात कोंबतात. माया खरी असते, पण मानेचा मणका मोडला असेल तर तीच घात करते. मणक्यांच्या आतला मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. हाड मोडूनही तो शाबूत असू शकतो. चिरडतो तो कधीकधी या ओढाताणीत.

काही वर्षांपूर्वी थर कोसळला तेव्हा मात्र शेजारच्या एक निवृत्त नर्सबाई पदर खोचून गर्दीत घुसल्या. ‘कुणी हात लावायचा नाही!’ भर रस्त्यात गुडघे टेकून त्यांनी पोराचं डोकं दोन्ही हातांनी होतं तसंच धरून ठेवलं. ‘मान हलवू नकोस रे, हो-नाही तोंडानं सांग. पायाची बोटं हलतायत का? मुंग्या येतायत?’ कुणीतरी पाण्याचा तांब्या आणला, तो त्यांनी परत पाठवला. आडव्या माणसाला ठसका लागतो, आणि ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं असलेलं बरं. १०८ची गाडी येईपर्यंत वीसेक मिनिटं बाई जागच्या हलल्या नाहीत. आग लागली असती किंवा अंगावर गाड्या येत असत्या, तर त्यांनीही त्याला हलवलंच असतं. उलटी होऊ लागली तर तिघाचौघांनी मिळून डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. श्वासच थांबला तर मात्र मानेची चिंता नंतर.

तेवढ्यात पलीकडे मडक्याच्या खापरीनं दुसऱ्याची पोटरी फाटली. तिथे बाईंचं फर्मान बरोब्बर उलटं: ‘दाब! हात काढशील तर याद राख!’ रुमालाची घडी जखमेवर दाबून धरायची ती निदान दहा मिनिटं. मध्येच उचलून बघायची आपली खोड वाईट. रुमाल भिजला तर वर दुसरी घडी ठेवायची. खापरी आत रुतली असेल तर ती उपटायची नाही, कडेनं दाबायचं. हळदीचा डबा घेऊन आलेल्या काकूही तांब्यावाल्याच्या मागोमाग परत गेल्या.

तिसऱ्याचं मनगट वाकडं झालं होतं. गल्लीतले एक हाडवैद्य ‘कट्’ करून ते बसवायला निघाले होते. बाईंच्या नजरेनंच थांबले. त्यांच्या सांगण्यावरून हातातलं कडं सूज चढायच्या आत काढलं. वर्तमानपत्राची जाड घडी खाली धरून, बोटांपासून कोपरापर्यंत हात होता तसाच ओढणीनं बांधला. बोटं गार किंवा निळी पडतात का, तेवढं बघत राहायचं.

पहिल्या पोराची मान शाबूत निघाली. नुसता मुका मार. त्यामुळे गल्लीतल्या काहींना अजून वाटतं, की बाईंनी उगाच वीस मिनिटं घालवली.