वैशाखातला पाऊस आणि गच्चीवरची बाग

मृग लागला की पाऊस आणि पाऊस आला की बागेची कामे, हा क्रम महाराष्ट्रातील घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेला आहे. वैशाखात गच्चीवर कुरडया-पापड वाळावेत, वर्षाच्या गव्हाला ऊन देऊन, एरंडेल चोळून तो कोठीत जावा आणि उरलेल्या कोपऱ्यात मोगऱ्याच्या व तुळशीच्या कुंड्यांनी सकाळ-संध्याकाळच्या पाण्यावर तग धरावा, अशी ही व्यवस्था. २०२५ च्या मे महिन्याने ती मोडून टाकली. वळवाच्या सरींनी आधीच गच्च्या ओल्या केल्या होत्या. त्यातच मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईतील त्याची नेहमीची तारीख ११ जून. वैशाख संपलेला नव्हता आणि मृगाला अजून दोन आठवडे अवकाश होता. पुढे मेअखेरीस हाच पाऊस अडखळला आणि जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल थांबून राहिली. आधी अकाली ओल आणि मग अकाली उघडीप, अशा दुहेरी पेचात घरोघरच्या कुंड्या सापडल्या.

असा उन्हाळा पुन्हा येणारच नाही, असे मानण्यात अर्थ नाही. त्यामुळे अशा वेळी बाग कशी राखावी, याचा विचार पुढच्या वैशाखाच्या आधीच झालेला बरा.

पहिला धोका पावसापेक्षा सवयीचा असतो. मे महिन्यात दोन वेळा पाणी घालायचे, हे हाताच्या इतके अंगवळणी पडलेले असते की रात्री सर येऊन गेली तरी सकाळी झारी उचलली जातेच. झाडाच्या मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की मुळे गुदमरतात, कुजू लागतात आणि वर पाणी पोहोचवण्याचे त्यांचे काम थांबते. अशा झाडाची पाने मग तहानेल्या झाडासारखीच मलूल होऊन खाली झुकतात. ते पाहून घरातील माणूस आणखी पाणी घालतो. उन्हाळ्यातील पावसात दगावणाऱ्या झाडांपैकी पुष्कळशी या एका गैरसमजाने दगावतात. यावर उपाय अगदी साधा आहे. पाने पाहून पाणी घालू नये. बोट दोन पेरे मातीत खुपसावे आणि तेथे माती कोरडी लागली तरच झारी उचलावी. माती ओली असूनही पाने झुकली असतील, तर कुंडी आडोशाला न्यावी, तळाचे छिद्र काडीने मोकळे करावे आणि वरची माती खुरप्याने हलकेच भुसभुशीत करावी.

खालची जुनी पाने तेवढी सारखी पिवळी पडत असतील आणि झाड ताठ उभे असेल, तर प्रकार वेगळा. सततच्या पावसाने कुंडीतील नत्र धुऊन जाते. तेथे मूठभर मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत द्यावे. दोन्ही दुखण्यांत पाने पिवळी होतात, परंतु एकाला अन्न हवे असते आणि दुसऱ्याला हवा.

निचऱ्याविषयी एक समजूत फार रूढ आहे. कुंडीच्या तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिला की पाणी साचत नाही, असे माळीही सांगतात. वस्तुतः बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते पुढे सरकते. म्हणजे ओलीचा पट्टा नाहीसा न होता खडीच्या उंचीइतका वर, मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर फुटक्या कुंडीची एक खापरी पालथी ठेवणे पुरेसे आहे. खरा निचरा मातीच्या घडणीतून साधतो. दोन भाग लाल माती, एक भाग मुरलेले खत आणि एक भाग जाडी वाळू, त्यात असल्यास थोडे भाताचे तूस, हे मिश्रण पावसात टिकते. कोकोपीट स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवते. कडक उन्हाळ्यात तो त्याचा गुण असतो आणि ओल्या वैशाखात तोच दोष ठरतो. सोलापूर, लातूर, परभणीकडच्या घरांनी शेतातील काळी माती कुंडीत भरण्याचा मोह टाळावा. ती शेतात सोने असली तरी भिजली की फुगते आणि कुंडीत तिचा लगदा होतो.

व्यापारी घरांना निचऱ्याचा प्रश्न आणखी एका बाजूने भिडतो. अनेक घरांची रचना खाली दुकान, मागे गोदाम आणि वर बिऱ्हाड अशी असते. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते आणि ती पूर्ण भिजली की कुंडीचे वजन २५ किलोच्या आसपास जाते. अशा ३० कुंड्या म्हणजे साडेसातशे किलोंचा भार, तोही बहुधा एकाच कोपऱ्यात, कारण ऊन तेथेच येते. कुंड्या भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर मांडाव्यात, स्लॅबच्या मध्यभागी त्यांची गर्दी करू नये. त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे गच्चीचे पाणी उतरवणारी जाळी. कुंड्यांतून वाहून आलेली माती आणि गळालेली पाने नेमकी तेथेच अडकतात. मृगाच्या आधी जाळी साफ करण्याचा शिरस्ता बहुतेक घरांत असतो. परंतु पाऊस कृत्तिकेत आला, तर ती तुंबलेलीच राहते. गच्चीवर एक रात्र घोटाभर पाणी उभे राहिले आणि ते स्लॅबमधून झिरपले, तर खालचे कापडाचे तागे किंवा साखरेची पोती त्याची किंमत मोजतात. म्हणून जाळीचे काम अक्षय तृतीयेनंतरच्या पहिल्या रविवारी उरकून टाकावे.

आता जीवदयेचा प्रश्न. बाग म्हटली की पृथ्वी, पाणी, वनस्पती आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे अगणित त्रस जीव आलेच. म्हणून बाग नकोच, असे म्हणणारी घरेही आहेत आणि त्यांच्या भूमिकेचा मान राखलाच पाहिजे. ज्यांनी बाग धरली आहे, त्यांच्यासाठी मात्र 'यतना' हा शब्द येथे अगदी नेमका लागू पडतो. झालेला जीव मारावा की सोडावा, हा पेच उभा राहण्याच्या आधीच जीवोत्पत्तीला वाव न देणे हे पुष्कळदा आपल्या हाती असते.

कुंडीखालच्या ताटलीचेच पाहावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी चिकटवतो. अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात; शिवाय पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा भिजली की फुटतात. एकदा डास झाले की अगरबत्ती, फवारा, रॅकेट ही सारी हिंसा ओघानेच येते. पावसाची चिन्हे दिसताच ताटल्या कुंड्यांखालून काढून कोरड्या पुसून पालथ्या ठेवल्या, तर यांतले काहीच घडत नाही.

शेवाळाचेही तसेच. शेवाळ आणि बुरशी यांना अनंतकाय मानले असल्याने पावसाळ्यात त्यांवर पाय पडू नये, याची काळजी श्रावक घेतात. कुंडी थेट फरशीवर टेकली की तिच्या बुडाशी ओल राहते आणि आठवड्याभरात हिरवा थर धरतो. लोखंडी किंवा लाकडी घडवंचीवर, जमिनीपासून चार बोटे उंच ठेवलेल्या कुंडीखाली वारा खेळतो आणि फरशी वाळते. गच्ची कोरडी असतानाच घासून झाडून घ्यावी. एकदा शेवाळ धरल्यावर ते खरवडणे हे दोषाचे आणि वरून घसरण्याचेही काम. तेव्हा जाण्यायेण्याची एक वाट कोरडी राखून बाकीचा भाग वापरू नये, हे उत्तम. घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर विशेषच.

ओल्या कचऱ्याच्या खतपेटीत अळ्या पडण्याचे कारण बहुतेक वेळा कोरड्या पानांचा अभाव हे असते. एक भाग ओला कचरा तर दोन भाग वाळकी पाने, हे प्रमाण राखले की पेटीला दुर्गंधी येत नाही आणि माश्या फिरकत नाहीत. मात्र पाऊस सुरू झाल्यावर वाळकी पाने आणायची कोठून? चैत्राच्या पानगळीत एक पोते भरून आडोशाला ठेवलेले असेल, तरच हे जमते. जोराच्या पावसानंतर कुंडीतून बाहेर आलेली गांडुळे फरशीवर वळवळताना दिसतात. उन्हे येताच ती सुकून मरतात; ओल्या पानावर अलगद उचलून सावलीतल्या मातीत सोडण्यास मुलांना सांगावे, त्यांना ते काम आवडते.

किडीच्या बाबतीत दुकानांत मिळणाऱ्या बाटल्यांवर 'जैविक', 'सेंद्रिय' अशी अक्षरे असतात आणि ती वाचून पुष्कळांचे समाधान होते. ते समाधान तपासून घ्यावे लागेल. कडुनिंबाच्या अर्काने कीड पान खाईनाशी होते हे खरे. पण त्याच अर्काने अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडते आणि ती मरते, हेही तितकेच खरे. साबणाच्या पाण्याने मावा मरतोच. चिकट पिवळे कागद तर सापळेच आहेत. सेंद्रिय असणे आणि अहिंसक असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. झाडांमध्ये वीतभर अंतर ठेवणे, दाट फांद्या विरळ करून वारा खेळता ठेवणे, कोवळ्या रोपांवर मच्छरदाणीचे कापड ताणणे आणि नत्राचा मारा टाळणे, कारण लुसलुशीत शेंड्यांवरच मावा बसतो, एवढ्याने घरगुती बागेतील कितीतरी त्रास होतच नाही.

गोगलगायीचा प्रश्न अधिक बिकट आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड भागात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, ते अनेक आडत दुकानदारांच्या स्मरणात असेल. शंख असलेली मोठी आफ्रिकी गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी मातीत घालते आणि गच्चीवर ती येते ती बहुधा रोपवाटिकेच्या मातीतून किंवा रोपाच्या पिशवीतून. मीठ टाकणे क्रूर आहे, शिवाय मीठ मातीत उतरून झाडही मारते. राखेचे कडे पहिल्याच सरीत वाहून जाते. उचलून शेजारच्या शेतात नेऊन सोडणे हा उपाय दिसायला दयेचा असला, तरी तो शेतकरी तिला मारणारच. आपल्या हातची हिंसा दुसऱ्याच्या हाती देण्यापलीकडे त्यात काही नाही. म्हणून माती आणि रोपे घरात येतानाच पाहणे, हाच खरा मार्ग. रोपाची पिशवी फाडून मुळांभोवतीची माती कागदावर मोकळी करावी; पिवळसर पांढऱ्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंड्यांचा पुंजका दिसला तर ती माती रोपवाटिकेला परत करावी. माती पावसाळ्यात विकत घेऊच नये, फाल्गुनात घेऊन कोरडी साठवावी.

फुलझाडांत सर्वांत मोठे नुकसान मोगऱ्याचे होते. तो कोरड्या उन्हाचा भोक्ता. मे महिन्यात पावसाची झड लागली की त्याच्या कळ्या तपकिरी पडून गळतात आणि झाड सगळी ताकद पानांत घालते. बोगनवेलही तशीच हिरवीगार होऊन फुलायची थांबते. त्यांना खत देऊन फुलवण्याचा खटाटोप व्यर्थ होय. मोगऱ्याच्या कुजक्या कळ्या खुडाव्यात आणि कुंडी वळचणीखाली सरकवावी. कोरफड आणि अडेनियम मात्र विनाविलंब आत घ्यावीत. त्यांची मांसल खोडे एकदा कुजली की परत येत नाहीत. ज्या घरांत पूजेला फुले वाहतात, त्यांची या दिवसांत अनंत आणि सोनचाफा सोय करतात. पावसाळी लिलीचे कंद तर पहिल्या सरीनंतर चार-सहा दिवसांत गुलाबी फुलांनी कुंडी भरून टाकतात.

राहिल्या भाज्या. चातुर्मासात पालेभाज्यांचा त्याग असतो, काही परंपरांत तो फाल्गुनी चौमासीपासूनच सुरू होतो. कंदमुळे तर वर्ज्यच. तेव्हा जैन घराच्या गच्चीला शोभतात त्या फळभाज्या आणि शेंगा: दोडका, कारले, दुधी, काकडी, तोंडली, भेंडी, गवार, चवळी. मे महिन्यातील पाऊस पाहून त्यांचे बी थेट मोठ्या कुंडीत टाकण्याचा मोह होतो. २०२५ मध्ये कृषी खात्याने शेतकऱ्यांना पेरणीची घाई न करण्याचा सल्ला दिला होता, तोच गच्चीलाही लागू आहे. बी लहान पेल्यांत किंवा ट्रेमध्ये, छपराखाली रुजवावे. रोप तीन-चार पानांचे झाले की आणि पाऊस खरोखर स्थिरावला की मगच ते कुंडीत लावावे. मधे उघडीप पडली तर ट्रे सावलीत नेता येतो, पावसाने झोडपले तरी आत घेता येतो. एका पेल्यात दोनच बिया टाकाव्यात. दाट उगवलेली रोपे ओलीत एका रात्रीत बुंध्याशी गळून आडवी होतात.

वेल फुलावर आल्यावर पावसाची आणखी एक अडचण लक्षात येते. भिजल्या हवेत मधमाश्या बाहेर पडत नाहीत, परागकण धुऊन जातात आणि इवलीशी फळे पिवळी पडून गळतात. घरातील माणसाने मग मधमाशीचे काम करावे. ज्या फुलामागे बोटभर फळ दिसते ते मादी; बारीक देठाचे ते नर. नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे सारून, मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. वेळ मात्र वेलीप्रमाणे पाळावी लागते. कारले आणि काकडी यांची फुले सकाळी उमलतात, म्हणून दुकान उघडण्याच्या आधी त्यांच्याकडे जावे. दोडका आणि दुधी दिवस कलताना फुलतात. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपून गच्चीवर चार पावले टाकायला जाणाऱ्यांना ती नेमकी उमललेली सापडतील.