कॅराव्हॅन येऊ द्या, पण आधी सराय बांधा

कारवाँ हा शब्द फारसीतून निघाला, युरोपात जाऊन चाकांवरचे घर झाला आणि आता ‘कॅराव्हॅन’ होऊन महाराष्ट्र सरकारच्या कागदावर परत आला आहे. २०२१ साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे गाडी, जिच्यात बिछाना, छोटे स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी असते. दुसरी म्हणजे ती गाडी रात्री उभी करायची जागा, तिला कॅराव्हॅन पार्क म्हणायचे. दोन्हींची नोंद पर्यटन संचालनालयाकडे करायची आणि सवलती घ्यायच्या. कागद वाईट नाही. माझे भांडण क्रमाशी आहे. गाडीचे फोटो छापून येतात, गाडीच्या गाद्यांचे कौतुक होते, जागेबद्दल कोणी विचारत नाही. शब्द परत आणताना त्याचा अर्धा भाग आपण बाहेरच ठेवला. पूर्वी कारवाँ जिथे जाई तिथे सराय असे.

आधी हे सांगतो की मला या गाडीचा राग नाही. उलट मुसलमान कुटुंबाला ती फार सोयीची आहे, हे आपण आपसात तरी मान्य करायला हरकत नाही. स्वयंपाक आपला, म्हणजे हलाल-हरामची चौकशी नको. वजूला पाणी आहे, नमाजला चार हात जागा आहे, घरातल्या बायकांना आडोसा आहे. आणखी एक गोष्ट आहे, ती मोठ्याने बोलली जात नाही. लॉजच्या टेबलावर आधार कार्ड ठेवल्यावर नाव वाचणाऱ्याचा चेहरा बदलतो आणि दोन मिनिटांपूर्वी रिकामी असलेली खोली भरून जाते. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांना समजावून सांगायला नको. ज्यांच्यावर आली नाही त्यांनी आपल्या एखाद्या मुसलमान मित्राला विचारावे. चाकांवरच्या घराला ते टेबल नसते. एवढ्यासाठी कोणी पैसे जमवून अशी गाडी भाड्याने घेत असेल तर मी त्याला चैनखोर म्हणणार नाही.

तर समजा घेतली. आता वर्धा जिल्ह्याचा बेत आखू. नागपूरहून निघालात तर वर्धा जेमतेम पाऊणशे किलोमीटर, म्हणजे हनफी हिशेबाने कसरसुद्धा लागत नाही. सेलू तालुक्यात बोर धरण आणि त्याला लागून बोर व्याघ्र प्रकल्प, २०१४ साली जाहीर झालेला. तिथून वर्धा शहर, मग आठ किलोमीटरवर सेवाग्राम, पलीकडे धाम नदीकाठी पवनारला विनोबांचा आश्रम. शेवटी हिंगणघाटकडे वळून जाम चौरस्त्यावरून समुद्रपूरमार्गे गिरड, टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा. तीन दिवसांची सुंदर फेरी आहे. दिवसाचा हिशेब सोपा, कारण या सगळ्या ठिकाणी दिवसा जाता येते. बेत अडतो तो संध्याकाळी सहा वाजता.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याची गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली की रात्री अकरापर्यंत आतून भट्टी. एसी चालवायचा तर इंजिन चालू ठेवा, जनरेटर लावा किंवा कुणाकडून तरी वीज घ्या. म्हणजे विजेचा खांब असलेली जागा हवी. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. ही काळी माती आहे, कापसाची. दोन सरी पडल्या की तीन टनांची गाडी बसते ती ट्रॅक्टर आणल्याशिवाय निघत नाही. म्हणजे मुरूम टाकून दाबलेली जागा हवी. उरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हाही टाकीतले पाणी चार माणसांना दीड-दोन दिवस पुरते, मग भरायला नळ हवा. आणि ज्याबद्दल जाहिरातीत कधीच लिहीत नाहीत ते हे की गाडीतल्या संडासाची टाकी भरते. ती कुठे रिकामी करायची? परदेशात तळावर त्यासाठी वेगळे झाकणबंद तोंड असते, ते मलवाहिनीला किंवा सेप्टिक टँकला जोडलेले असते. आपल्याकडे ती सोय नसेल तर ती टाकी नाल्यात जाणार, नाहीतर कुणाच्या तुरीच्या शेतात. सेवाग्रामला बापूकुटीतली न्हाणी आणि संडास आजही लोक आवर्जून पाहतात. स्वच्छतेचा विचार घराच्या मधोमध आणणाऱ्या माणसाचे गाव बघून परतताना नाल्यात मैला ओतणारे पर्यटन आपण करणार का?

समृद्धी महामार्गाचे तर नावच काढू नका. ७०१ किलोमीटरचा रस्ता, सेलू-वर्धा-आर्वीच्या शिवारातून गेलेला, येळाकेळीला चढा, विरुळला उतरा. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला तेव्हा वाहनाला ताशी १२० किलोमीटरची मुभा होती आणि माणसाला लघवीला जायची मारामार. रस्त्याकडेला थांबणे धोक्याचे आणि नियमाविरुद्ध. म्हणजे चालत राहा एवढाच पर्याय. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ माणसे गेली. त्यात वर्ध्याचीही होती. त्या अपघाताची कारणे वेगळी असतील, त्यात मी शिरत नाही. पण रात्रीचा रस्ता बांधताना रात्रीचा मुक्काम नंतर बघू असे म्हणणारी बुद्धी मला कळत नाही.

चाकांवरचे घर घेऊन फिरणारी माणसे आपल्याकडे आत्ता येणार आहेत असे धोरण लिहिणाऱ्यांना वाटते की काय कोण जाणे. ती आधीपासून फिरत आहेत. गुरुवारी-शुक्रवारी गिरडच्या रस्त्यावर उभे राहा. टेम्पोत सतरंज्या, मोठे पातेले, गॅसची शेगडी, पाण्याचे कॅन, झोपलेली पोरे, मागे टेकून बसलेल्या म्हाताऱ्या. कुणाचा नवस आहे, कुणाची कंदुरी आहे. यात मुसलमान असतात तितकेच हिंदू असतात. ताजबागला, शेगावला, माहूरला जाणारे असेच जातात. यांच्या गाडीत संडास नाही आणि गादीला रंग नाही, एवढाच फरक. या सफरीतल्या बायका निघायच्या आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात. माझ्या घरातल्या पितात, तुमच्याही पीत असतील, विचारून पाहा. साठीच्या, मधुमेह असलेल्या बाईने विदर्भाच्या उन्हात दहा तास पाणी न पिणे म्हणजे काय हे डॉक्टरला विचारा. कॅराव्हॅन पर्यटनाच्या चर्चेत ही बाई कुठेही नाही. तिला गाडी नको आहे. तिला आतून कडी लागणारे दार हवे आहे.

आणि जे वर्षभर फिरतात ते? डवरी गोसावी, नंदीवाले, बहुरूपी, गावाबाहेर पाल ठोकून राहणारे? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी यातल्या कित्येक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा गेला, नजर गेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे मुले पळवणारी टोळी म्हणून जमावाने ठेचून मारली. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली माणसे होती ती. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघरच्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक, पुन्हा तशाच अफवेवरून. दोन्हीकडे हिंदू-मुसलमान असे काही नव्हते, नंतर लावायचा प्रयत्न झाला तो भाग निराळा. अनोळखी असणे एवढाच गुन्हा होता. आता सांगा, रात्री साडेदहाला कुठल्याशा गावाच्या कडेला परजिल्ह्याच्या नंबरची, पडदे लावलेली, दाढीवाल्या माणसाची गाडी उभी राहिली, तर गाव काय समजेल? हौशी लोक म्हणतात, कॅराव्हॅनची मजा अशी की वाटेल तिथे थांबा. ज्यांना तसे थांबता येते त्यांनी खुशाल थांबावे. बाकीच्यांना थांबायची ठरलेली, उजेडातली, नोंद असलेली जागा लागते. तिथे दारावर राखणदार आहे, वहीत नाव आहे, त्यामुळे गावालाही भीती नाही आणि पाहुण्यालाही नाही.

हे काही अशक्यप्राय मागणे नाही. शेरशहाने उण्यापुऱ्या पाच वर्षांच्या राज्यात रस्त्याने दर दोन कोसांवर सराया बांधल्या, त्यात हिंदू आणि मुसलमान प्रवाशांची वेगवेगळी सोय ठेवली, असे त्याचा चरित्रकार अब्बास सरवानी लिहून गेला. लांब कशाला, वर्ध्याचाच इतिहास घ्या. १९३४ साली खान अब्दुल गफार खान हजारीबागच्या तुरुंगातून सुटले तेव्हा त्यांना स्वतःच्या सरहद्द प्रांतात आणि पंजाबात पाऊल टाकायला बंदी होती. तो घर नसलेला पठाण जमनालाल बजाजांचा पाहुणा म्हणून वर्ध्यात राहिला, तिथेच त्याला पुन्हा अटक झाली. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा पवनारहून पायी निघाले आणि पुढची तेरा वर्षे अख्खा देश त्यांना मुक्कामाला जागा देत राहिला. गिरडच्या बाबांबद्दलही सांगतात की इथे स्थिरावण्याआधी तीस वर्षे ते फकीर होऊन फिरत होते. टेकडीवर सापडणारे गोल पोकळ दगड म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा माल, अशी कथा आहे. कथेचा पुढचा भाग कमी लोक सांगतात. व्यापाऱ्यांनी माफी मागितल्यावर बाबांनी झाडाच्या वाळल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला. वाटसरूला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही, ही या टेकडीवरची रीत.

सरकारकडे मागणे एका पानात मावते. जाम, सेलू, पुलगाव, आर्वी, गिरड अशा ठिकाणी एक-एक मुक्कामतळ. मुरूम टाकलेले मैदान, कुंपण, दिवे, नळ, सेप्टिक टँक, बायकांचे वेगळे संडास, चुलीसाठी पत्र्याचे छप्पर, एक राखणदार. माफक भाडे घ्या. पालवाल्याकडून घेऊ नका. त्याच तळावर वीस लाखांची गाडीही उभी राहील, टेम्पोही, कापूस विकायला हिंगणघाटला आलेला आणि बाजार समितीबाहेर गाडीखाली झोपणारा शेतकरीही. सवलत द्यायची तर आधी या तळाला द्या. जागा असली की गाड्या आपोआप येतील, त्यांना आमंत्रणपत्रिका लागत नाही.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द, कारण नुसते सरकारला बोलले की टाळ्या मिळतात आणि काम होत नाही. कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यातला एक ‘इब्नुस-सबील’, वाटेचा लेक, मुसाफिर. दर रमजानला आपण हे आठही पाठ म्हणतो आणि महामार्गावरच्या आपल्या मशिदीच्या संडासाला कुलूप लावतो. पुरुषांना तरी कुणीतरी किल्ली आणून देतो. बायकांसाठी कित्येक ठिकाणी दारच नाही. कुणी मौलवीसाहेब म्हणतील, जकातीचा पैसा इमारतीला चालत नाही, तो हकदाराच्या हातात पडला पाहिजे. बरोबर आहे. मग सदका आहे, लिल्लाह आहे, वक्फ आहे. मिनार दहा फुटांनी वाढवायला जी रक्कम जमते तिच्यात दोन संडास, एक वजूखाना आणि दोन गाड्यांपुरती फरशी होते. आणि ती मुसलमानांपुरती ठेवू नका. माहूरला निघालेली बाई तुमच्या मशिदीच्या आवारात पाणी पिऊन गेली तर दहा तकरिरींचे काम होईल.

दुसरा शब्द घरगुती कॅराव्हॅनवाल्यांना. जुनी ट्रॅव्हलर घ्यायची, ओळखीच्या गॅरेजात सीटा काढून बर्थ ठोकायचे, ओटा बसवायचा, हे आपल्या पोरांनी सुरू केले आहे. कल्पना चांगली, हात कसबी, पण कायदा वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या कागदावर जे लिहिले आहे त्यात मनमानी बदल करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केले. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे, त्याप्रमाणे मंजूर झालेली गाडी घ्या किंवा भाड्याने आणा. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न बर्थचा विचारेल. आणि सिलिंडर. २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराई स्टेशनात यात्रेकरूंच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरने आग लागली, नऊ जण गेले. बंद गाडीत, पडदे आणि फोमच्या गाद्यांमध्ये, पोरे झोपलेली असताना शेगडी पेटवणे म्हणजे तोच प्रकार. स्वयंपाक गाडीबाहेर करा, असे मी प्रत्येकाला सांगतो. परवा एकाने उलट विचारले, बाहेर म्हणजे कुठे? जामच्या चौरस्त्यावर दोन ट्रकच्या मध्ये, डिझेल सांडलेल्या जमिनीवर, की पेट्रोल पंपाच्या भिंतीला? धोरण लिहिणाऱ्यांना हाच प्रश्न माझा.