प्रयोगशाळेतल्या आपल्या पोरांचं काय?

फेलोशिपच्या आंदोलनात आपण पुस्तकं, खोलीभाडं, क्षेत्रभेटी यांवर बोलतो. सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करणारी आपली पोरं त्यात दिसत नाहीत. सकाळी बीएस्सीची प्रॅक्टिकल्स घ्यायची, मग रात्रीपर्यंत कॉलम चालवायचा. सिलिका, हेक्झेन, एनएमआर, सगळ्याला पैसे. आम्ही समाजशास्त्रवाले उसनवारीवर चार महिने काढू, पण सॉल्व्हंट संपलं की प्रयोगच बंद. यूजीसीच्या दरात पहिली दोन वर्षं आकस्मिक खर्च मानव्यशास्त्रांना वर्षाला १०,००० रुपये, विज्ञानाला १२,०००. फरक दोन हजारांचा! शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं होतं. पुढच्या निवेदनात फेलोशिपच्या तारखेबरोबर रसायनांच्या खर्चाची मागणीही लिहा, आणि ती लिहायला प्रयोगशाळेतल्यांनाच बसवा.