जडपणाची चिंता, विहिरीची हेळसांड

आमच्या वसाहतीच्या सभेत परवा पाण्यावरून बरीच वादावादी झाली. विहिरीचे पाणी जड (शाळेच्या पुस्तकातला शब्द दुष्फेन) आहे. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, गिझरमध्ये पांढरा थर धरतो. तक्रारी खऱ्याच आहेत. माझ्या घरीही त्याच ऐकतो. पण एका गृहस्थांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, मुतखडे या पाण्यानेच होतात ना?" माझ्या उत्तराने बहुतेकांची निराशा झाली.

जडपणा येतो कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. भारतीय मानकानुसार तो लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आमच्या विहिरीचा ४८० आला. अशा पाण्याने मुतखडा होतो हे सिद्ध झालेले नाही. माझ्याकडे येणारे मुतखड्याचे बरेच रुग्ण मुळात पाणीच कमी पितात, काही तर जड आहे म्हणून!

त्याच अहवालाचे दुसरे पान मात्र कोणी उलटले नव्हते. पाण्यात विष्ठेतले जंतू सापडले होते. कठडा एका बाजूने ढासळला आहे, ओट्यावर धुण्याचे पाणी साचून फटींतून आत झिरपते. शेजारच्या इमारतीची सेप्टिक टाकी जेमतेम तीस फुटांवर आहे. निदान पन्नास फूट तरी हवे. गेल्या पावसाळ्यात इथे काविळीची साथ आली. त्यात सात महिन्यांची एक गरोदर सून होती. पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणी जिवावर बेतते. ती वाचली, बाळ गेले. विहीर तेव्हाच तपासून घ्यायला हवी होती. मी घरोघरी पाणी उकळायला सांगून गप्प बसलो, हे कबूल करतो.

आता वर्गणी काढून जडपणा घालवणारे यंत्र बसवायचे घाटते आहे. माझा विरोध यंत्राला नाही, ते आधी घेण्याला आहे. ते कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडते. जंतू जिथल्या तिथे राहतात. डाळीपुरते म्हणाल तर पाणी उकळून, निवू देऊन वरचे निवळ घ्यावे. पुष्कळदा तेवढ्याने भागते. तुरटीने गाळ बसतो, जडपणा जात नाही.

पहिला पैसा कठडा, ओटा, सांडपाण्याची नाली आणि वरून वीस फुटांपर्यंतच्या पक्क्या बांधकामावर खर्च व्हावा. शेजाऱ्यांशी टाकीबद्दल बोलणे अवघड आहे, पण बोलावेच लागेल. तोवर ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे चार मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर सुमारे १६० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा, वरचे पाणी रात्री विहिरीत सोडून ढवळावे. निदान तासभर पाणी उपसू नये. पावडर ताजी असावी. आमच्या पंपघरातले पोते उघडे पडून कधीचे निकामी झाले आहे.