नव्वद टक्के हरले कसे?



ज्वारी दाण्यावर आली की जागल सुरू होते. रात्रभर मचाणावर बसायचे, पत्र्याचे डबे बडवायचे, फटाके फोडायचे. पहाटे जरा डोळा लागला की रानडुकरांनी अर्धा एकर लोळवलेला पाहायचा. रोही तर आता टॉर्चच्या उजेडालाही भीत नाहीत. मागच्या हंगामात अशाच एका जागलीवर एका तरुण कास्तकाराने आम्हाला विचारले, "अमेरिकेत म्हणे दुकानात जाऊन बंदूक घेता येते. मग आपल्याला का नाही?"

प्रश्न रास्त आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. तो परवाना काढताना पोलीस ठाणे आणि जिल्हा कचेरीत किती चपला झिजतात, हे ज्याने काढला त्याला विचारा. आणि बंदूक मिळाली तरी डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी वेगळी. त्यावर पुढे कधीतरी स्वतंत्रपणे लिहू. आम्ही अडखळलो ते त्या तरुणाच्या दुसऱ्या वाक्याला. तो म्हणाला, "तिकडे बंदूकवाल्यांची संघटना आहे. सरकार तिला टरकते. पैसा आहे ना त्यांच्याकडे!"

पैसा आहे ना त्यांच्याकडे. आपल्या बैठकांत हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले. गिरणीवाल्यांकडे पैसा आहे, बियाणेवाल्यांकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, म्हणून आपण हरतो. एवढे बोलून झाले की सगळे तंबाखू मळायला मोकळे! म्हणून त्या संघटनेची हकीकत जरा तपशिलाने सांगतो. ती संघटना आम्हाला आवडते असे कुणी समजू नये. तिने आपल्याच देशाचे जे केले ते भयंकर आहे. पण तिने ते केले कसे, हे मात्र 'पैसा' या एका शब्दात सांगता येत नाही.

१४ डिसेंबर २०१२. कनेक्टिकट राज्यातले न्यूटाऊन हे गाव. तिथल्या सँडी हूक प्राथमिक शाळेत एक तरुण बंदुका घेऊन शिरला आणि काही मिनिटांत २० लेकरे आणि शाळेतल्या ६ बाया त्याने मारल्या. लेकरे सहा-सात वर्षांची, म्हणजे आपल्याकडची पहिली-दुसरीतली. सगळा देश हादरला. चार महिन्यांनी सिनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या वरिष्ठ सभागृहात, एक साधा प्रस्ताव आला. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेणाऱ्याची पूर्वतपासणी १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने सक्तीची झालीच होती. तीच तपासणी शस्त्रमेळ्यांतल्या आणि जाहिरातींतून होणाऱ्या विक्रीलाही लावायची, एवढेच. बंदी नाही, जप्ती नाही. प्रस्ताव आणणारे मॅन्चिन आणि टूमी हे दोघेही बंदूकवाल्यांच्या विश्वासातले. त्या काळच्या पाहण्यांत दहापैकी नऊ अमेरिकन माणसे अशा तपासणीच्या बाजूची होती. घरात बंदूक असणाऱ्यांतलेही बहुसंख्य बाजूचे होते.

१७ एप्रिल २०१३ रोजी मतदान झाले. ५४ बाजूने, ४६ विरुद्ध. आणि प्रस्ताव पडला! कारण तिथल्या नियमाप्रमाणे ६० मते लागत होती. शिवाय सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा. सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला दोन आणि पावणेचार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. सभागृहाची घडण हे एक कारण झाले. दुसरे कारण म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन.

ही संघटना १८७१ ची. यादवी युद्धात आपल्या शिपायांचा नेम धड नव्हता म्हणून उत्तरेकडच्या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये काढलेली नेमबाजीची मंडळी. पुढची शंभर वर्षे तिचा व्याप निशाणबाजी, शिकार आणि स्पर्धा यांचा. १९३४ साली मशीनगनवर बंधने आणणारा कायदा झाला तेव्हा तिचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक काँग्रेससमोर जाऊन म्हणाले होते की सरसकट कुणीही शस्त्र घेऊन फिरणे आपल्याला मान्य नाही. १९६३ साली केनेडींचा खून ज्या रायफलीने झाला ती याच संघटनेच्या मासिकातल्या जाहिरातीवरून टपालाने मागवलेली होती. त्यानंतर टपालाने बंदुका विकण्यावर बंधन घालायला तिच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याने काँग्रेसपुढे पाठिंबा दिला. १९६८ चा कायदा त्या वातावरणात झाला.

सगळे बदलले ते एका रात्रीत. मे १९७७, सिनसिनाटी शहर, संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा. पुढाऱ्यांनी ठरवले होते की मुख्यालय वॉशिंग्टनहून हलवून कोलोरॅडोच्या डोंगरात न्यायचे, आणि राजकारण सोडून शिकार, निसर्ग, सहली यांत मन घालायचे. काही सभासदांना हे पसंत नव्हते. ते नारिंगी टोप्या घालून आले. हातात वॉकीटॉकी, आणि बगलेत संघटनेची घटना, कलम न् कलम पाठ केलेली. लाखो सभासदांतले त्या सभागृहात होते ते मोजकेच. पण ते उठले नाहीत. ठराव, दुरुस्ती, दुरुस्तीला दुरुस्ती, मतमोजणी, पुन्हा ठराव. मध्यरात्र झाली तरी हलले नाहीत. पहाटे सभा संपली तेव्हा जुने पुढारी घरी बसले होते आणि हार्लन कार्टर नावाचा जहाल माणूस संघटनेचा कर्ता झाला होता.

भावांनो, आपल्या जिल्हा बैठकीत दुपारी चारनंतर किती खुर्च्या भरलेल्या असतात?

त्या पहाटेनंतर संघटनेने आमदार-खासदारांची प्रतवारी करायला घेतली. खरेदी केंद्रावरचा ग्रेडर बोंडाला हात लावून जशी आपल्या कापसाची प्रत ठरवतो, तशी ही संघटना प्रत्येक उमेदवाराला 'ए' ते 'एफ' अशी प्रत देते आणि मतदानाच्या आधी ती सभासदाच्या घरी पोचवते. तिथे अपील नाही. संघटनेचे सभासद चाळीस-पन्नास लाख, तेही तिच्याच सांगण्यावरून. तेहतीस-चौतीस कोटींच्या देशात ही चिमूट. पण या चिमटीतला माणूस फक्त बंदुकीच्या प्रश्नावर मत देतो. प्राथमिक निवडणुकीला जातो, पत्र लिहितो, फोन करतो, सभेत येऊन बसतो. उरलेल्या नव्वद टक्क्यांना पूर्वतपासणी हवी असते, पण त्यांना रोजगारही हवा असतो, करही कमी हवा असतो, दवाखानाही हवा असतो. बंदुकीसाठी म्हणून ते आपल्या खासदाराला पाडत नाहीत. खासदाराला हे नेमके कळते.

१९९४ साली एका वर्गातल्या लष्करी धाटणीच्या बंदुकांवर बंदी आली. दोन महिन्यांत निवडणूक झाली आणि सत्ताधारी डेमोक्रॅट पक्षाने प्रतिनिधीगृहातल्या ५४ जागा गमावल्या. सभापती टॉम फोली स्वतः पडले. कारणे अनेक होती. पण खुद्द अध्यक्ष क्लिंटन यांनी पुढे या पराभवाचे मोठे माप बंदूक संघटनेच्या पदरात टाकले. झाले! त्यानंतर वर्षानुवर्षे त्या पक्षात बंदुकीचे नाव काढायला कुणी धजेना. ती बंदी २००४ साली मुदत संपून गेली तेव्हा तिला वाचवायला पुरेसे हात वर झाले नाहीत.

आता ही ताकद कशाला वापरली ते पाहा. १९८६ च्या कायद्यात कलम घातले की बंदुकांच्या मालकांची केंद्रीय नोंदवही सरकारने करायची नाही. आपल्या दोन एकरांचा सातबारा आज मोबाईलवर कुणालाही दिसतो. तिकडे खुनात सापडलेली बंदूक कुणी विकत घेतली हे शोधायला वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या कचेरीत माणसे बंद पडलेल्या दुकानांच्या वह्यांची चित्रे एकेक करून चाळतात, कारण नावावरून शोधता येईल अशी व्यवस्था करायला मनाई आहे.

याहून वाईट गोष्ट १९९६ ची. आम्ही शेतकी शाळेचे. तिथे पहिल्या वर्षी शिकवतात की बिनखताचा एक वाफा बाजूला ठेवल्याशिवाय खताचा गुण कळत नाही, आणि मोजमाप केल्याशिवाय बोलायचे नाही. १९९३ साली आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या पैशावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की ज्या घरात बंदूक असते त्या घरात माणसाचा खून होण्याचा धोका कमी नसतो, उलट जास्त असतो. संघटना खवळली. अर्कान्सासचे प्रतिनिधी जे डिकी यांनी दुरुस्ती आणली की या केंद्राचा पैसा बंदूक नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायचा नाही. शब्द 'प्रचार' होता, पण सोबत २६ लाख डॉलर कापले, आणि केंद्र बंदुकीच्या जखमांच्या अभ्यासावर खर्च करत होते ते बरोबर तेवढेच! अधिकाऱ्यांना इशारा कळला. वीसहून अधिक वर्षे हे काम जवळपास ठप्प झाले. खुद्द डिकी यांना म्हातारपणी याचा पश्चात्ताप झाला आणि त्यांनी तसे जाहीर लिहिले. पैसा पुन्हा मंजूर झाला तो २०१९ च्या अखेरीस.

मोजणी बंद पाडली की काय झाकले जाते? २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. परक्याने मारलेले नव्हेत, दरोडेखोराने मारलेले नव्हेत. घरातली बंदूक, एकटा माणूस, आणि टळून गेली असती अशी एक घटका. आपल्याकडे कोपऱ्यात बंदूक नसते, फवारणीच्या औषधाची बाटली असते. ज्यांच्या घरात असे घडले आहे त्यांना आम्ही याहून जास्त काय सांगणार?

२००५ साली आणखी एक कायदा झाला. १९९८ पासून न्यू ऑर्लीन्स, शिकागो आणि इतर अनेक शहरे बंदूक कारखानदारांवर भरपाईचे दावे लावू लागली होती. नव्या कायद्याने गुन्ह्यात वापरल्या गेलेल्या बंदुकीबद्दल कारखानदार आणि विक्रेते यांना काही अपवाद सोडून दाव्यांतून मोकळे केले. आता विचार करा, हा कायदा कुणाच्या कामाचा? हरणाच्या शिकारीला वर्षातून एकदा जाणाऱ्या सभासदाला यातून काय मिळाले? काही नाही. मिळाले ते कारखानदाराला. कारखानदारांची स्वतःची वेगळी संस्था आहे. २०१२ साली तिचे मुख्यालय त्याच न्यूटाऊन गावात होते. पण ती संस्था लोकांना ठाऊक नाही. पुढे उभा असतो तो साधा सभासद, टोपी घातलेला, मुलाला नेम धरायला शिकवणारा. त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून दुसऱ्यानेच चाप ओढला. बंदूक कंपन्यांनी संघटनेला मोठमोठ्या देणग्या दिल्या. एका मोठ्या दारूगोळा विक्रेत्याने तर १९९२ पासून गिऱ्हाईकाचे बिल पूर्ण डॉलरात करून वरची चिल्लर संघटनेला द्यायची सोय ठेवली. बाजारात हमाली-तोलाईची कपात पाहणाऱ्यांना ही युक्ती लगेच कळेल. तिकडे ती राजीखुशीची होती, एवढा फरक.

आणि घरच्या वर्गणीचे काय झाले? संघटनेची नोंदणी न्यूयॉर्कची, म्हणून त्या राज्याच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी ऑगस्ट २०२० मध्ये तिच्यावर खटला भरला. १९९१ पासून कारभार पाहणारे वेन लापिएर यांच्या खासगी विमानांचे, महागड्या सुटांचे, कुटुंबाच्या सहलींचे खर्च सभासदांच्या पैशातून झाल्याचे बाहेर आले. संघटनेने २०२१ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करून निसटून पाहिले. न्यायालयाने तो फेटाळला. जानेवारी २०२४ मध्ये लापिएर यांनी राजीनामा दिला, आणि फेब्रुवारीत ज्यूरीने त्यांना दोषी धरून चाळीस लाखांहून अधिक डॉलर परत करायला सांगितले. संचालक मंडळ तब्बल ७६ जणांचे होते. ७६ माणसांना तीस वर्षे काही दिसले नाही! ज्या संघटनेचा सभासद १९७७ साली पहाटेपर्यंत खुर्ची सोडत नव्हता, त्याच संघटनेचा सभासद पुढे मासिक चाळून आणि प्रतवारीचा कागद पाहून समाधानी राहू लागला.

समोरच्या बाजूलाही पैसा नव्हता असे नाही. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांनी बंदूक नियंत्रणासाठी कोट्यवधी डॉलर ओतले. त्याने कार्यालये उभी राहिली, पण गावोगावी माणूस उभा राहिला तो सँडी हूकच्या दुसऱ्या दिवसापासून, घरात बसलेल्या आया एकत्र येऊ लागल्या तेव्हा. लाल सदरे घालून त्या राज्यांच्या विधिमंडळांत जाऊन बसू लागल्या. बंदूकवाल्यांचीच रीत त्यांनी उचलली. मे २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युवाल्डी गावात १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, आणि जूनमध्ये जवळपास तीस वर्षांतला पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला. तोही तोकडाच. २०१३ ला पडलेली तपासणी त्यातही नाही. आणि त्याच आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याचा हक्क आणखी रुंद केला. संघटना खिळखिळी झाली तरी तिने चाळीस वर्षांत पेरलेले उगवतेच आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, ऐन हंगामाच्या तोंडावर. गिरण्यांच्या संघटना किती दिवस ते मागत होत्या, आणि त्या महिन्यात आपल्यातले कितीजण खासदाराच्या दारात गेले, याचा हिशेब त्या जागलीवरच्या तरुणाला आम्ही तिथेच मचाणावर मांडून दाखवला. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण आपल्या संघटनेचा जमाखर्च आम्हाला कुणी दाखवला?"

खरे आहे. त्याने आमच्यावरच नेम धरला, आणि तो चुकला नाही. या अंकाच्या शेवटच्या पानावर गेल्या वर्षीची वर्गणी, देणग्या आणि प्रवासखर्च छापला आहे. जिल्हा बैठकीला येताना ते पान सोबत आणा. हिशेबाचा विषय यावेळी दुपारी चारनंतर घेतला आहे.