वनस्पतिशास्त्र शिकवायचे कुणी आणि कशाने?

जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत वनस्पतीचा धडा कसा शिकवला जातो, हे ज्यांची मुले तिथे शिकतात त्यांना सांगायला नको. फळ्यावर जास्वंदीच्या फुलाची आकृती, तिला नावे, वहीत नक्कल आणि परीक्षेत घोकलेले उत्तर. खिडकीबाहेर कुंपणाला खरी जास्वंद फुललेली असते. ती उभी चिरून पुंकेसर आणि अंडाशय मुलांना दाखवावे, असे कुणाला सुचत नाही. दोष एकट्या गुरुजींचा नाही. त्यांना तरी डी.एड.ला कुणी फूल चिरून दाखवले होते? आणि शाळेत साधे भिंग नसेल, तर सूक्ष्मदर्शकाचे काय बोलायचे?

तथागतांचे वैद्य जीवक तक्षशिलेत शिकले. विनयपिटकातली कथा आहे. आचार्यांनी त्यांना खणती घेऊन तक्षशिलेभोवती योजनभर फिरायला आणि औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतले आणि उत्तीर्ण ठरले. परीक्षा रानात झाली, पाटीवर नाही.

आमच्या आया-बहिणी दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करतात. केना, कुर्डू, घोळ, टाकळा ही नावे त्यांच्या पोरांना शाळेत जाण्याआधीच येतात. केन्याच्या पानाच्या शिरा समांतर, टाकळ्याच्या जाळीदार. एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री हा भेद बांधावर फुकट शिकता येतो. पण हेच ज्ञान शाळेच्या दारात अडाणीपणा ठरते. मजुराच्या पोराला वर्गात काहीतरी ठाऊक आहे, ही गोष्टच या व्यवस्थेला पचत नाही.

न शिकवलेल्या विज्ञानाची जागा रिकामी राहत नाही. गावात पिंपळावर मुंजा बसतो. शहरात तोच पिंपळ रात्रंदिवस ऑक्सिजन सोडतो म्हणून मोबाईलवर फिरतो, आणि बोधिवृक्ष म्हणून आपली माणसेही तो मजकूर पुढे धाडतात! हिरवी वनस्पती ऑक्सिजन सोडते ती उजेडात. रात्री तीही आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते. सम्यक संबोधीला या थापेची गरज नाही.

हे शिकवणे अशक्य आहे काय? शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि १९७८ साली जिल्ह्यातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांत गेला. शाळेला प्रयोगाचे साहित्य दिले. मुले शिवारात जाऊन पाने, फुले, मुळे गोळा करीत, त्यांचे गट पाडीत, वाद घालीत. शिक्षकांचे सुट्टीत प्रशिक्षण होई आणि वर्षभर त्यांच्या मासिक बैठका होत. अडलेले तिथे सुटे. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रयोगाला वेगळे गुण होते. साधे सरकारी शिक्षकच हे करीत होते. तो कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. सरकार काँग्रेसचे होते, हेही नोंदवून ठेवू.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे सभागृहात भाषण ऐकून हजेरीपटावर सही. साहित्य म्हणजे भिंतीवरचा पडदा, वीज असेल तर चालणारा. त्या पैशात किती भिंगे आली असती, याचा हिशेब कुणी मागत नाही.

तो मागायचा अधिकार मात्र आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा किमान एक शिक्षक हवा आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्यापन साहित्य हवे. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाविरुद्ध शिक्षक संघटना उठल्या, त्या कमी पटाच्या शाळांत या वर्गांना पुरेसा शिक्षकच उरत नाही म्हणून. ही शाळा कुणाची? ज्यांना गावाबाहेरची शाळा परवडत नाही, त्यांची. नागरिकांनी वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासावा असे संविधानाचे कलम ५१ क सांगते, आणि शासन त्याच नागरिकाच्या मुलाला विज्ञानाचा शिक्षक देत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. त्या जागांवर बसून चहा पिण्यापलीकडे काही करता येते. विज्ञानाचा शिक्षक कोण, भिंगे किती, सूक्ष्मदर्शक आहे की नाही, हे बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. नसेल तर कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.