कालवांना वाली कोण?

हापूसच्या बागायतदारांची संघटना आहे. काजूवाल्यांची आहे, ट्रॉलरवाल्यांची आहे, अगदी रिक्षावाल्यांचीही आहे. पण सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये कंबरभर पाण्यात उभं राहून कालवं वाढवणाऱ्या बायकांचं काय? त्यांचे बचतगट आहेत. एक या खाडीत, दुसरा पलीकडच्या. एकीचं दुसरीला ठाऊक नाही.

पूर्वी ओहोटीला कोयती घेऊन कातळावरची कालवं काढायची, एवढंच होतं. आता शेती आली. बांबूचा मांडव घालायचा, दोरीत ओवलेल्या शिंपल्यांच्या माळा पाण्यात सोडायच्या, त्यावर बीज धरतं आणि वाढतं. २०१७ साली सुरू झालेल्या कांदळवन उपजीविका योजनेत गटांसाठी ९० टक्के अनुदान ठेवलं गेलं. चांगलंच झालं. पण अनुदानाने मांडव उभा राहतो, गिऱ्हाईक नाही येत. विकायला बसलं की व्यापारी म्हणेल तो भाव.

शिवाय कालव खाडीचं पाणी गाळूनच जगतं. पाण्यात सांडपाणी आलं, तर ते कालवात उतरणारच. म्हणून विकण्याआधी ती स्वच्छ पाण्यात ठेवून निवळून घ्यावी लागतात. त्याची टाकी एका गटाला परवडत नाही, दहा गटांना परवडेल. आणि मुळात खाडीत घाण सोडणाऱ्याला जाब कोण विचारणार? अतिवृष्टीत खाडीचं पाणी गोडं झालं की कालवं मरतात. आंब्याचा पंचनामा होतो, मेलेल्या माळेचा कुणी करायचा?

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवर आहे. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी तिसऱ्या काढणं बंद असतं. २०१४ साली या मासेमारीला एमएससी हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. त्यासाठी अधिकारी, शास्त्रज्ञ आणि स्वतः तिसऱ्या काढणारे एका परिषदेत बसले. जे पाण्यात उतरतात त्यांना टेबलाशी जागा मिळाली, हे मला प्रमाणपत्राहून मोठं वाटतं.

आपल्याकडे अडचण इथेच येते. संघ काढायचा म्हटलं की काम राहतं बाजूला, आधी अध्यक्ष ठरतो! सभासद बाई आणि सह्या करणारे तिचे यजमान, हा प्रकार तर आपण घरोघरी पाहिलाय. तेव्हा नियम पहिल्याच बैठकीत लिहून काढा, बायांनो: जी माळा बांधते तीच सभासद, एका बाईला एक मत, आणि व्यापाऱ्याला पदाधिकारी होता येणार नाही. कायद्याची वाटही आहे. दहा उत्पादक एकत्र आले तर उत्पादक कंपनी नोंदवता येते. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही मच्छीमारांच्या उत्पादक संस्थांना जागा दिली गेली आहे. हिशेब ठेवायला लागेल, दरवर्षी कागद भरावे लागतील, हे खरं. पण बचतगटाच्या वह्या वर्षानुवर्षं कोण लिहितंय? आपणच ना!

भाताची लावणी आटोपली की गणपतीच्या साफसफाईपर्यंत मधे थोडे दिवस मिळतात. चार खाड्यांतल्या बायकांना एकत्र बसायला तेवढे पुरतील.